होडीच्या फळ्यांची खोली

लिस्सी कुवेतहून नेसत्या कपड्यांनिशी परत आली, त्या वर्षी कळत्तिलांच्या नव्या घरातली एक खोली बिनजमिनीची राहिली. बाकी घर झालं होतं. पडवीत आणि मधल्या दालनात लाल ठिपक्यांची गुळगुळीत मोझेक बसली होती, खिडक्यांना हिरवा रंग लागला होता. लढाई पेटली, लिस्सीच्या दवाखान्यातल्या सगळ्या नर्सा वाळवंटातून अम्मानला आणि तिथून विमानानं मुंबईला आल्या, आणि इकडं तिचे पैसे यायचे थांबले तसे गवंडी आपापली थापी धुऊन घरी गेले. उत्तरेकडची अठरा हात लांबीची खोली भातासाठी धरली होती. तिच्यात नुसती वाळू पसरलेली राहिली. लेक परत आली यातच सगळं आलं, असं लिस्सीची आई शोशाम्मा भेटेल त्याला सांगायची. खोलीचं काय, बदकं झोपतील.

बदकं दोन महिने झोपलीही.

नोव्हेंबरात शोशाम्माचे सासरे मोझेकवर पडले. मत्तायी कळत्तिल, वय सत्याहत्तर, सगळ्या कैनकरी गावात अप्पच्चन म्हणून ओळखले जाणारे. काचबिंदूनं त्यांचे डोळे जाऊन दोन वर्षं झाली होती, पण जुन्या घरात ते कुणाचा हात न धरता हिंडायचे. तिथली मातीची जमीन कुठं खोलगट होती, कुठं उखळाशी झिजली होती, ते त्यांच्या तळव्यांना पाठ होतं. नव्या घरात आल्यापासून ते भिंत धरून चालू लागले. "इथं पायाशी कुणी बोलतच नाही," असं ते म्हणायचे. "सगळीकडं एकच गुळगुळीत तोंड. तुझ्या माहेरच्या माणसांसारखं." शोशाम्माचं माहेर रान्नीचं, डोंगराकडचं, आणि तिथल्या माणसांवर टोमणा मारल्याशिवाय अप्पच्चनांचा दिवस सुरू होत नसे.

हाड मोडलं नाही, पण पंधरा दिवस खाटेवर गेले. तेवढ्यात धाकटा मुलगा कुर्याक्कोस कोट्टयमहून आला. तो तिथं शाळेत गणित शिकवायचा. घरात सगळे त्याला कुर्याच्चन म्हणायचे. त्यानं वडिलांचा पाय दाबून पाहिला, एक्स-रे उजेडाकडं धरून पाहिला आणि सांगितलं की मे महिन्यात शाळा सुटली की अप्पच्चनांना कोट्टयमला नेणार. दुसऱ्या मजल्यावर घर आहे, खाली डॉक्टर राहतो, पाण्याची भीती नाही. बोलणं सगळं रास्त होतं. थोरला पोत्तन, शोशाम्माचा नवरा, "हं" म्हणाला. पोत्तन कशालाही "हं" म्हणायचा, त्यातून होकार की नकार ते ज्यानं त्यानं काढून घ्यायचं.

दुसऱ्या मजल्यावर एका खुर्चीत बसलेले अप्पच्चन शोशाम्माच्या डोळ्यांपुढं आले. कुणी उठवलं तर उठतील, कुणी नेलं तर जातील. तिनं ताटं उचलता उचलता म्हटलं, "त्यांना त्यांची जमीन मिळाली तर ते चालतील."

"कुठली जमीन, चेडत्ती?" कुर्याच्चननं वहिनीला विचारलं.

"होडीची."

सगळे हसले. पोत्तनसुद्धा हसला, म्हणजे होकार नव्हता एवढं कळलं.

घरामागच्या कालव्यात अप्पच्चनांची भाताची होडी एकोणीस वर्षं बुडवून ठेवलेली होती. रानफणसाच्या फळ्यांची, एकही खिळा नसलेली, काथ्यानं शिवलेली. चाळीस वर्षं त्यांनी तिच्यातून भात वाहिलं. पुढं रस्ता आला, भात लॉरीतून जायला लागलं, तेव्हा त्यांनी होडीत चिखल भरून ती पाण्याखाली नेली. लाकूड पाण्यात राहिलं तर टिकतं, वाऱ्यावर राहिलं तर जातं. पुढच्या सुगीनंतर काढू, असं ते दर वर्षी म्हणायचे. कुणी होडी मेली म्हटलं तर त्यांना राग यायचा. बुडवलीय, पुरलेली नाही, असं ते ठणकावायचे.

म्हणून शोशाम्मा भीतभीतच त्यांना विचारायला गेली. तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. होडी काढायची, उसवायची, फळ्या सुकवायच्या आणि उत्तरेकडच्या खोलीत अंथरायच्या. अप्पच्चन खाटेवर उठून बसले.

"म्हणजे मला घरातच होडीवर चढवायचं ठरवलंस."

"हो."

"त्या फळ्यांवर तू पहिल्या दिवशी काय केलं होतंस, आठवतं का?"

सतरा वर्षांची नवरी शोशाम्मा रान्नीहून त्या होडीतून आली होती आणि अर्ध्या वाटेत पोटातलं सगळं बाहेर पडलं होतं. अठ्ठावीस वर्षं ही गोष्ट घरात चालू होती.

"धुतल्या होत्या मी," ती म्हणाली.

"अर्ध्याच धुतल्यास. राहिलेल्या मी धुतल्या." मग ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले आणि म्हणाले, "काढा. नाहीतरी टोकांचं लाकूड वाकडं आहे, ते बदकांच्या खुराड्याला लावा. मधलं सरळ आहे. अठरा हात सहज निघेल."

म्हणजे त्यांनी खोलीचं माप मनात आधीच घेतलं होतं.

डिसेंबरात पाणी उतरलं तेव्हा आठ माणसांनी होडी वर काढली. वेलायुधन मूताशारी, कळत्तिलांच्या तीन पिढ्यांचा मुख्य सुतार, स्वतः काथ्याच्या गाठी कापायला बसला. अप्पच्चन काठावर स्टुलावर बसले. एकेक फळी त्यांच्या पायांपुढं ठेवायची, ते तळवा फिरवायचे आणि सांगायचे. ही डाव्या काठाची, हिच्यावरून चालत मी होडी रेटायचो. ही चुलीखालची, हात लाव, जळून खळगा पडलाय. ही नाळेकडची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, तण्णीरमुक्कमला दुसऱ्या होडीनं ठोकलं तेव्हाचं ठिगळ हिच्यावर आहे. फळीच्या दोन्ही कडांना शिवणीची भोकं होती, एका ओळीत, बोटाबोटाच्या अंतरावर. शोशाम्मा प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला, नाळेकडच्या टोकाशी, कोयत्यानं फुली मारत होती. वरच्या अंगाला काही करायचं नाही, रंधासुद्धा नाही, हे तिनं मूताशारीला तीनदा बजावलं. मूताशारी म्हणाला की पन्नास वर्षं रंधा धरलाय, आता रंधा न धरण्याचेही पैसे लावतो.

अप्पच्चनांची मांडणी सोपी होती. खोलीचं दार पूर्वेला, कालव्याच्या पायऱ्यांवर उघडणारं. नाळ दाराशी घ्यायची. खाट पश्चिमेला, पिछाडीशी, चुलीच्या बाजूला, कारण होडीवर ते तिथंच झोपायचे. उठलं की पिछाडीकडून नाळेकडं चालायचं आणि समोर पाणी.

फळ्या चार महिने गोठ्याच्या सावलीत रचून ठेवल्या, मध्ये बांबूच्या पट्ट्या घालून, म्हणजे चारी बाजूंनी वारा लागेल आणि भेगा पडणार नाहीत. पाणी सुकलं तसं लाकडात मुरलेलं तेल बोलायला लागलं. होडीला दर वर्षी माशाचं तेल चोपडायचे, चाळीस वर्षांचं तेल ते. वाड्यावस्त्यांवरची सगळी मांजरं कळत्तिलांच्या गोठ्यात मुक्कामाला आली. पोत्तनची मोठी बहीण अच्चाम्मा पलीकडच्या काठावर दिली होती. ती येऊन पाहून गेली आणि चर्चमध्ये सगळ्या बायकांना सांगितलं की आमच्या शोशाम्मानं खोली सासऱ्यासाठी काढलीय की मांजरांसाठी, ते अजून ठरलेलं नाही.

मार्चमध्ये कुर्याच्चन आला, त्यानं नाकाला रुमाल लावला. "चेडत्ती, हे लाकूड आहे की सुकट?"

"तुला काय, तू तर हिच्यावरच वाढलास."

"म्हणून तर शहरात गेलो." पण तो थट्टा सोडून ओट्यावर बसला आणि त्यानं अट सांगितली. मे महिन्यात घराची प्रार्थना होईल त्या दिवशी, जेवणं झाल्यावर, अप्पच्चनांनी खाटेवरून उठून एकट्यानं दारापर्यंत आणि दारातून पायऱ्यांपर्यंत चालून दाखवायचं. कुणी हात द्यायचा नाही, कुणी बोलायचं नाही. जमलं तर तो कोट्टयमचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर सोमवारच्या बोटीनं अप्पच्चन त्याच्याबरोबर. शोशाम्मानं पोत्तनकडं पाहिलं. पोत्तन "हं" म्हणाला. मग तिनं अप्पच्चनांकडं पाहिलं. ते म्हणाले की परीक्षा घेणारा मास्तर मीच जन्माला घातला, तेव्हा तक्रार कुणाकडं करू.

एप्रिलच्या शेवटी शोशाम्माला नुकत्याच वारलेल्या आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी रान्नीला जावं लागलं. चार दिवसांनी ती परतली तर जमीन झाली होती. माडाच्या तुळया आडव्या, त्यांवर फळ्या लाकडी खुंट्यांनी बसवलेल्या, लोखंड कुठंही नाही. शिवणीच्या भोकांत मूताशारीनं फणसाच्या पिवळ्या खुंट्या ठोकून कानस मारली होती. काळ्या लाकडावर पिवळ्या टाक्यांच्या रांगा दिसत होत्या. कुणीतरी गोधडी शिवून अंथरावी तशी ती जमीन होती. शोशाम्मा उंबऱ्यातच बसली आणि तिनं हात फिरवला. लिस्सी म्हणाली, "अम्मे, कुवेतच्या शेखकडं असली नाही." मूताशारी मात्र आपली हत्यारं गोळा करत राहिला, नेहमीसारखा कौतुक ऐकायला थांबला नाही. त्याला उशीर होत असेल, असं शोशाम्माला वाटलं.

अप्पच्चन आत गेले नाहीत. पाद्रीचं पाणी पडल्याशिवाय नव्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शोशाम्माला आत कुठंतरी कळत होतं की त्यांनाही भीती वाटतेय.

प्रार्थनेच्या दिवशी साठ माणसं आली. अच्चननं, म्हणजे पाद्रीनं, खोल्याखोल्यांतून धूप फिरवला. उत्तरेच्या खोलीत आल्यावर त्यानं दोनदा नाक ओढलं आणि धूप जरा जास्त वेळ फिरवला. अच्चाम्मा मागून म्हणाली की अच्चा, तुमचा धूप हरेल, हे मासे जुने आहेत. एक पिवळा बोका खाटेखाली आधीच येऊन बसला होता, त्याच्यावरही पवित्र पाणी पडलं. मग बदकाचं रोस्ट, अप्पम, करिमीन मासा, मागच्या अंगणात पुरुषांची ताडी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. लोक पैजा लावत नव्हते एवढंच. मूताशारी आपल्या दोन माणसांसह फणसाखाली पानावर बसला होता, पण त्याचा हात भातात नुसताच फिरत होता.

जेवणं झाली. अप्पच्चनांना पोत्तननं खाटेवर नेऊन बसवलं. कुर्याच्चन समोरच्या दारात उभा राहिला. बाकीचे खिडक्यांना लागले. शोशाम्मा आतल्या भिंतीला पाठ लावून उभी होती, पदर मुठीत.

अप्पच्चनांनी पाय खाली सोडले. तळवे फळीला टेकले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, जुन्या माणसाची हाक ऐकू यावी तसं. ते उठले. पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि थांबले. उजव्या पायाची बोटं डावीकडं गेली, उजवीकडं गेली, फळीची कड सापडली, ती सोडून पुन्हा मागं आली. त्यांनी हात पुढं केला. पुढं काही नव्हतं. मग अर्धवट वळले आणि त्यांना आपण कुठं तोंड करून उभे आहोत तेच कळेना, हे शोशाम्माला त्यांच्या मानेवरून दिसलं.

"माझी चूल कुठं गेली?" ते हळूच म्हणाले.

खिडकीतल्या पाद्रीला वाटलं, म्हातारबुवांना चहा हवाय. त्यानं तसं शेजारच्याला सांगितलंही.

कुर्याच्चन आत आला. त्याच्या चालण्यात जिंकल्याचं काही नव्हतं, उलट नाक लाल झालं होतं. त्यानं वडिलांचं कोपर धरलं आणि म्हणाला, "बस झालं, अप्पच्चा. चला, बसा." शोशाम्माला वाटलं, आपण चार महिने नुसती मांजरंच पोसली.

अप्पच्चनांनी कोपर सोडवून घेतलं. ते गुडघ्यांवर बसले आणि हातानं फळी चाचपू लागले, एकेक वीत. एका जागी त्यांचा हात थांबला.

"हे तण्णीरमुक्कमचं ठिगळ. हे इथं, खाटेपाशी काय करतंय? मूताशारी कुठं आहे?"

मूताशारी खरकट्या हातानंच आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

"मी फिरवली, मत्तायीमाप्ळे," तो म्हणाला. "सगळी होडी फिरवली. नाळेकडं फळ्यांचा बुंधा आहे. नाळ दाराशी घेतली असती तर बुंधे पूर्वेला येत होते. घरातल्या लाकडाचा बुंधा पश्चिमेला नाहीतर दक्षिणेला. पूर्वेला घेतला तर घरचा कर्ता वर्षात जातो. माझ्या बापानं मला आधी हे शिकवलं, मग करवत हातात दिली. तुमच्यासाठी ते मी कसं करू?"

"आणि हे सांगायचं नाही?" शोशाम्मा म्हणाली.

"सांगितलं होतं. पोत्तनमाप्ळेंना विचारून केलं."

साठ माणसांनी पोत्तनकडं पाहिलं. पोत्तन आपल्या पायांकडं पाहत होता.

"मी फक्त हं म्हणालो," तो म्हणाला. "मला वाटलं, लाकूड ते लाकूड."

"इच्चाया," शोशाम्मा नवऱ्याला म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांत तुमच्या हंचा अर्थ हो निघाला तो हा एकदाच."

मग सगळ्यांचं सगळ्यांशी सुरू झालं. गंमत म्हणजे जो तो आपली बाजू सोडून दुसरीकडं गेला. कुर्याच्चन मूताशारीवर चढला, ही कसली परीक्षा, पेपरच उलटा छापलाय, ही जमीन उचला आणि चेडत्तीनं सांगितल्याप्रमाणं बसवा, मी पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. चार महिने मांजरांवरून थट्टा करणारी अच्चाम्मा मध्ये पडली, प्रार्थना झालेली जमीन उचलायची नाही म्हणाली, आणि कुर्याच्चनला विचारलं की तुला एवढाच बापाचा पुळका होता तर फळ्या सुकत होत्या तेव्हा रुमाल कशाला लावलास. शोशाम्मा खुद्द मूताशारीच्या बाजूनं बोलायला लागली. त्या माणसाला दुसरं काही नको होतं, अप्पच्चन जगायला हवे होते, हे तिला दिसत होतं. मूताशारी म्हणत होता, जमीन उचलायची तर उचला, माझ्या हातानं नाही. पाद्रीनं सांगून पाहिलं की बुंधा आणि शेंडा यांवर कुणाचं आयुष्य ठरत नाही. मग त्याला आठवलं असावं की त्याच्या स्वतःच्या घराच्या तुळया याच मूताशारीनं चढवल्या होत्या, बुंधे पश्चिमेला करून, आणि तो म्हणाला की पाहू, विचार करू.

एवढ्या गलक्यात अप्पच्चन खोलीच्या मधोमध एकटेच होते. शोशाम्माचं त्यांच्याकडं लक्ष गेलं तेव्हा ते उभे राहिले होते. त्यांचा उजवा पाय ठिगळावर होता. ते ठिगळ ते टाचेनं दाबत होते, सोडत होते, परत दाबत होते.

"गप बसा सगळे," ते म्हणाले. फार मोठ्यानं नाही, पण कालव्यापलीकडं ऐकू जाईल असा त्यांचा आवाज मुळातच होता. "मूताशारी, तू म्हणतोस मी नाळेवर उभा आहे."

"हो, माप्ळे."

"आणि दार पिछाडीला."

"हो."

अप्पच्चनांनी उजवा खांदा खाली केला. मूठ खांद्याच्या खळगीत टेकवली, जणू तिथं बांबूचं टोक आहे, आणि कंबरेतून पुढं वाकले. खिडकीतल्या म्हाताऱ्या माणसांत एकदम कुजबुज झाली. त्यांना कळलं. भाताची होडी अशीच चालवतात. नाळेशी उभं राहून बांबू तळाच्या चिखलात रोवायचा, त्याचं टोक खांद्याला लावायचं आणि काठाच्या फळीवरून पिछाडीकडं चालत जायचं. माणूस मागं जातो आणि त्याच्या पायांखालून होडी पुढं सरकते. पिछाडीला पोचलं की बांबू उपटायचा, मोकळ्या पायांनी नाळेकडं परत यायचं, पुन्हा रोवायचा. चाळीस वर्षं. परत येताना माणूस आजूबाजूला बघतो, बोलतो, विडी ओढतो, पाय कसेही पडतात. रेटताना मात्र एकेक बोट फळी धरून असतं.

अप्पच्चन चालायला लागले. सावकाश, जोर लावून, प्रत्येक पाऊल सपाट टेकवून. डाव्या पायाची कड शिवणीच्या टाक्यांवर, उजवा पाय फळीच्या मध्यावर. ते मोजत नव्हते. सातव्या पावलाला एक फळी किंचित कुरकुरली, त्यांनी मान हलवली. नवव्या पावलाला त्यांचा तळवा जळक्या खळग्यात बसला.

"ही आली चूल," ते म्हणाले. "शोशे, इथं पाणी सांडू नकोस, फळी नरम आहे."

अजून दोन पावलं आणि ते दारात पोचले. गलक्यात कुर्याच्चन पुन्हा दारात येऊन उभा राहिला होता. त्यांची मूठ जवळजवळ त्याच्या छातीला लागली.

"कोण, मास्तर का?"

"हो, अप्पच्चा."

"गणित सांग. मी कुठल्या दिशेनं चालत आलो?"

"पूर्वेला."

"तुझं कोट्टयम कुठल्या दिशेला?"

"पूर्वेलाच."

"आणि मी रेटत आलो, तर होडी कुठल्या दिशेला गेली?"

कुर्याच्चन सुट्टीसुट्टीत त्या होडीवर राबलेला मुलगा होता. त्यानं वडिलांच्या पायांकडं पाहिलं.

"पश्चिमेला," तो म्हणाला. "आलप्पुळाकडं."

"मग सांग, मी काय करू? तुझ्या कोट्टयमकडं जितका चालतो तितकं हे घर मला घेऊन उलट्या बाजूला जातंय. सोमवारपर्यंत आम्ही समुद्राला लागू."

आधी हसला तो मूताशारी, खरकटा हात तोंडावर धरून. मग खिडक्या हसल्या. कुर्याच्चन उंबऱ्यावर बसला आणि इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि पुसणं हसण्यापेक्षा जास्त वेळ चाललं. तो बाजूला सरकला. अप्पच्चन त्याच्या डोक्यावर हात टेकून उंबरा ओलांडून गेले, दगडी पायऱ्या उतरले, तिसऱ्या पायरीवर पाणी लागलं तिथं थांबले आणि पाय धुतले. त्यांना हात द्यायला कुणी गेलं नाही. शोशाम्मा दारापर्यंत गेली होती, तिथंच थांबली.

परत येताना ते मोकळ्या पायांनी, जरा वाकडेच, भिंतीला एकदा घासून आले. ठिगळ लागलं तसे खाटेवर बसले. खाटेखालच्या बोक्याला पायानं बाजूला सारत त्यांनी सांगितलं की मूताशारीला पोटभर वाढा, सकाळपासून जेवलेला नाही, त्याच्या आवाजावरून कळतंय.

पोत्तननं विचारलं की मग जमीन अशीच ठेवायची का. त्यावर अप्पच्चन "हं" म्हणाले, आणि पोत्तनला त्याचा अर्थ लावत बसू दिलं.

सोमवारी सकाळच्या बोटीनं कुर्याच्चन एकटा गेला. शोशाम्मानं त्याच्या पिशवीत कैरीचं लोणचं आणि केळीच्या पानात बांधलेलं बदक घातलं. बोट सुटताना तो ओरडून काहीतरी म्हणाला, पण इंजिनाच्या आवाजात फक्त "मांजरं" एवढाच शब्द ऐकू आला. त्या पावसाळ्यात कालव्याचं पाणी दोनदा घरात शिरलं. मोझेक तीन ठिकाणी उचलली गेली. उत्तरेच्या खोलीतल्या फळ्या दोन दिवस पाण्याखाली राहिल्या, फुगल्या, आणि पाणी उतरल्यावर पुन्हा आपल्या जागी बसल्या. अप्पच्चन ते दोन दिवस खाटेवर बसून, पाय पाण्यात सोडून, शोशाम्माला मळमळतंय का ते विचारत होते.

वेलायुधन मूताशारी १९९३ च्या ऑक्टोबरात वारला. त्याच्या तिरडीला लागणारे बांबू कळत्तिलांच्या घरून गेले आणि अप्पच्चनांनी त्यांचे बुंधे हातानं चाचपून दिले. मत्तायी कळत्तिल १९९७ च्या सप्टेंबरात, चर्चच्या आठ दिवसांच्या उपासाच्या सहाव्या दिवशी, सकाळी त्याच खोलीत वारले. त्यांचं वय चौऱ्याऐंशी होतं.